आकाशगंगेतील कृष्णद्रव्य आणि आयनीभूत वायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशगंगेविषयी वाचताना ‘न दिसणारे वस्तुमान’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे ताऱ्यांमधल्या अवकाशात पसरलेला विरळ आयनीभूत वायू आणि दुसरी म्हणजे कृष्णद्रव्य. वायू नुसत्या डोळ्यांना दिसत नसला, तरी योग्य उपकरण लावले की तो स्वतःची घनता, तापमान आणि वेग सांगून टाकतो. कृष्णद्रव्याने मात्र आजवर गुरुत्वाकर्षणाखेरीज कोणतीही खूण दिलेली नाही. या दोहोंची गल्लत वाचकांप्रमाणेच संशोधकांचीही झालेली आहे आणि काही वेळा ती मोठी उद्बोधक ठरली आहे. पुढील प्रश्नांची निवड त्या दृष्टीने केली आहे.

आयनीभूत वायू म्हणजे नेमके काय?

ज्या वायूतील अणूंनी आपला एक किंवा अधिक इलेक्ट्रॉन गमावला आहे, तो आयनीभूत वायू. विश्वात हायड्रोजन सर्वाधिक असल्यामुळे आकाशगंगेपुरते बोलायचे तर सुटे प्रोटॉन आणि सुटे इलेक्ट्रॉन यांचे मिश्रण, असा त्याचा अर्थ घेतला तरी चालेल. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवण्यासाठी १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ही ऊर्जा ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशातून मिळू शकते, किंवा वायू पुरेसा तप्त असेल तर कणांच्या आपसांतल्या टकरींतूनही मिळते.

आयनीभवन म्हटले की मेघनाद साहा यांचे १९२० सालचे समीकरण आठवणे स्वाभाविक आहे. परंतु ते समीकरण औष्णिक समतोलात असलेल्या वायूसाठी आहे आणि ताऱ्यांच्या वातावरणाचे वर्णपट त्याने उलगडले. ताऱ्यांमधला वायू इतका विरळ असतो, की तेथे असा समतोल साधतच नाही. तेथे किती अणू आयनीभूत राहतील हे प्रकाशकण किती वेगाने इलेक्ट्रॉन उडवतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन किती वेगाने पुन्हा प्रोटॉनना जाऊन मिळतात, या दोन क्रियांच्या चढाओढीवर ठरते.

असा वायू आकाशगंगेत कुठे आढळतो?

सर्वांत परिचित जागा म्हणजे तेजोमेघ. नुकत्याच जन्मलेल्या, ३०,००० केल्विनहून अधिक तापमानाच्या ताऱ्यांभोवतीचा हायड्रोजन त्यांच्या अतिनील प्रकाशाने आयनीभूत होतो. असा तारा आपल्याभोवतीचा किती प्रदेश आयनीभूत ठेवू शकेल याचे गणित बेंग्ट श्ट्रॉमग्रेन यांनी १९३९ साली मांडले. मृग नक्षत्रातला, सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ हे याचे नेहमीचे उदाहरण.

तेजोमेघांची छायाचित्रे सुंदर असल्यामुळे सगळा आयनीभूत वायू तेथेच असावा असा समज होतो, पण वस्तुस्थिती उलट आहे. आकाशगंगेच्या तबकडीतल्या आयनीभूत हायड्रोजनचा ९० टक्क्यांहून अधिक भाग कोणत्याही तेजोमेघात नाही. तो तबकडीच्या वर-खाली पसरलेल्या एका विरळ आणि जाड थरात आहे. या थराचे तापमान सुमारे ८,००० केल्विन असते. तबकडीच्या मध्यपातळीजवळ त्यातील इलेक्ट्रॉनांची सरासरी घनता एका घनसेंटिमीटरला सुमारे ०.०३ इतकी, म्हणजे तीस घनसेंटिमीटर जागेत साधारण एक इलेक्ट्रॉन, एवढीच असते. थराची उंची ३,००० प्रकाशवर्षे मानायची की ६,००० हे कोणत्या मापनावर भिस्त ठेवली त्यावर अवलंबून आहे. उदासीन, म्हणजे इलेक्ट्रॉन न गमावलेल्या, हायड्रोजनचा थर काहीशे प्रकाशवर्षांतच संपत असल्यामुळे यांपैकी कोणताही आकडा घेतला तरी आयनीभूत थर कितीतरी जाड ठरतो.

याखेरीज अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी दहा लाख केल्विनपर्यंत तापवलेला वायू तबकडीतल्या पोकळ्यांमध्ये भरलेला आहे. आपला सूर्यदेखील सध्या अशाच एका पोकळीतून प्रवास करत आहे. आणि या सर्वांच्या बाहेर संपूर्ण आकाशगंगेला वेढणारे तप्त वायूचे प्रभामंडल आहे. त्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

इतका विरळ वायू मोजतात तरी कसा?

या थराचा पहिला सुगावा एका उणिवेतून लागला. आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी अगदी कमी वारंवारतेला अपेक्षेपेक्षा क्षीण होतात असे दिसून आले. फ्रेड हॉइल आणि जी. आर. ए. एलिस यांनी १९६३ साली सुचवले, की वाटेत सुट्या इलेक्ट्रॉनांचा एक व्यापक थर असावा आणि तोच या लहरी शोषून घेत असावा. तेव्हा ही केवळ अटकळ होती.

पुढे स्पंदक, म्हणजे ठरावीक कालांतराने रेडिओ चमका पाठवणारे तारे (पल्सार) सापडले आणि अटकळीला आकडे मिळाले. स्पंदकाची प्रत्येक रेडिओ चमक निघताना सर्व वारंवारतांमध्ये एकाच वेळी निघते. परंतु सुट्या इलेक्ट्रॉनांमधून जाताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे रेंगाळतात आणि हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. खगोलशास्त्रज्ञ वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची बेरीज ‘विक्षेपण-माप’ या राशीत मांडतात. हे माप १०० असलेल्या स्पंदकाची चमक १,४०० मेगाहर्ट्झला सुमारे ०.२ सेकंद, तर ४०० मेगाहर्ट्झला सुमारे २.६ सेकंद उशिरा पोहोचते. एकाच चमकेच्या दोन वारंवारतांमधला हा फरक घड्याळ लावून मोजता येतो, आणि त्यावरून वाटेतले सगळे इलेक्ट्रॉन मोजल्यासारखेच होते. स्पंदकाचे अंतर दुसऱ्या एखाद्या मार्गाने माहीत असेल तर सरासरी घनता मिळते आणि घनतेचा नकाशा हाताशी असेल तर उलट अंतर मिळते. अनेक स्पंदकांची म्हणून सांगितली जाणारी अंतरे या दुसऱ्या मार्गाने काढलेली असतात. त्यांत बरीच चूक असू शकते हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरा मार्ग प्रकाशाचा आहे. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनला मिळतो आणि पायऱ्या उतरत खाली येतो, तेव्हा त्यांपैकी एका उडीत ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो. हीच हायड्रोजन-आल्फा रेषा. विरळ थरातून येणारा हा प्रकाश अत्यंत मंद असतो. रॉनल्ड रेनॉल्ड्स आणि त्यांच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील सहकाऱ्यांनी त्यासाठीच बनवलेल्या वर्णपटमापकाने सबंध आकाशाचा नकाशा तयार केला आणि हायड्रोजन-आल्फाचा क्षीण उजेड नाही अशी एकही दिशा आकाशात नाही हे दाखवून दिले. या थराला पुष्कळदा रेनॉल्ड्स यांच्याच नावाने ओळखले जाते.

तिसरी मोजणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन झाली, आणि माझ्या मते ती सर्वांत विलक्षण आहे. ‘व्हॉयेजर १’ हे यान ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून आंतरतारकीय अवकाशात गेले. पण ते खरोखर बाहेर पडले की नाही यावर काही महिने वाद चालला. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत सूर्यावरच्या एका उद्रेकाचा धक्का तेथवर पोहोचला, यानाभोवतीचे इलेक्ट्रॉन २.६ किलोहर्ट्झच्या आसपास थरथरू लागले आणि यानाच्या अँटेनाने ती थरथर टिपली. ही वारंवारता केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते, त्यामुळे हिशेब सरळ होता: एका घनसेंटिमीटरला सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन. आतल्या बाजूला, हद्दीच्या अलीकडे, ही घनता कितीतरी पटींनी कमी होती. वाद मिटला.

एवढ्या मोठ्या थराला आयनीभूत ठेवण्याची ऊर्जा कुठून येते?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. सुटे इलेक्ट्रॉन सतत प्रोटॉनना पुन्हा मिळत असतात, त्यामुळे थर तसाच राहायचा असेल तर त्याला अखंड ऊर्जापुरवठा हवा. सगळ्या अतिनवताऱ्यांच्या स्फोटांची गतिज ऊर्जा यासाठीच खर्ची घातली तरी ती जेमतेम पुरेल. ऐपत आहे ती फक्त सर्वांत तप्त, ‘ओ’ वर्गाच्या ताऱ्यांची. त्यांच्या आयनकारी प्रकाशाचा साधारण १५ टक्के भाग या थरापर्यंत पोहोचला तरी काम भागते.

अडचण मात्र पोहोचण्याचीच आहे. हे तारे तबकडीच्या मध्यपातळीला चिकटून असतात आणि त्यांच्याभोवती उदासीन हायड्रोजनचे दाट आवरण असते. उदासीन हायड्रोजन हा आयनकारी प्रकाश क्षणार्धात गिळतो. मग तो प्रकाश हजारो प्रकाशवर्षे वर चढतो कसा? आज बहुतेकांना मान्य असलेले उत्तर असे, की तबकडीतला वायू एकसंध नाही. ताऱ्यांचे वारे आणि स्फोट यांनी त्यात मोठमोठी विवरे पाडली आहेत, खळबळीने तो विस्कटला आहे, आणि या फटींतून प्रकाशाला वरपर्यंत वाट मिळते. संगणकीय प्रतिकृतींमध्ये हे घडताना दिसते. तरीही १९८० आणि १९९० च्या दशकांत हे उत्तर अनेकांना पुरेसे वाटत नव्हते आणि त्या असमाधानातूनच कृष्णद्रव्य या कथेत आले.

म्हणजे कृष्णद्रव्यामुळे वायू आयनीभूत होतो का?

असा गंभीर प्रस्ताव मांडला गेला होता, आणि मांडणारे डेनिस शियामा हे मोठ्या योग्यतेचे विश्वशास्त्रज्ञ होते. १९९० च्या सुमारास त्यांनी सुचवले, की कृष्णद्रव्य सुमारे ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाच्या न्यूट्रिनोंचे, म्हणजे विद्युतभार नसलेल्या अतिशय हलक्या कणांचे, बनलेले असावे आणि हे न्यूट्रिनो फार सावकाश क्षय पावत असावेत. क्षयात निघणाऱ्या प्रकाशकणाला वस्तुमानाच्या निम्मी ऊर्जा मिळते, म्हणजेच हायड्रोजनच्या १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या उंबरठ्याच्या किंचित वर. कृष्णद्रव्य सर्वत्र पसरलेले असल्यामुळे प्रत्येक ठिकाणचा वायू तेथल्या तेथेच आयनीभूत होईल आणि प्रकाशाने वर कसे चढायचे हा प्रश्नच उरणार नाही. एका कल्पनेत दोन कोडी सुटत होती.

या सिद्धान्ताचा मोठा गुण असा, की तो तपासता येत होता. क्षयाचा प्रकाश एका ठरावीक तरंगलांबीला, अतिनील वर्णपटात एक बारीक रेषा म्हणून दिसायला हवा होता. डिसेंबर १९९० मध्ये अवकाशयानातून गेलेल्या हॉपकिन्स अतिनील दुर्बिणीने एका दूरच्या दीर्घिकासमूहात अशी रेषा शोधली. ती सापडली नाही. शियामा यांनी आपले आकडे आणखी काटेकोर केले आणि वस्तुमान २७.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ आणून ठेवले. १९९७ साली प्रक्षेपित झालेल्या स्पेनच्या ‘मिनिसॅट-०१’ उपग्रहावरील वर्णपटमापकाने सूर्याच्या परिसरातून येऊ शकणारी रेषा शोधली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अपेक्षित तीव्रतेची रेषा तेथेही नव्हती. त्याच वर्षी शियामा यांचे निधन झाले. न्यूट्रिनोंचे वस्तुमान त्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी आहे हेही नंतरच्या मोजण्यांतून स्पष्ट झाले.

चुकीच्या ठरलेल्या या कल्पनेवर येथे इतकी जागा खर्च करण्याचे कारण आहे. कृष्णद्रव्याचा प्रस्ताव इतक्या नेमक्या आकड्यासह मांडला जाणे आणि दहा वर्षांच्या आत निकालात निघणे हे या क्षेत्रात फारसे घडत नाही.

कृष्णद्रव्य आहे हे कशावरून म्हणायचे?

आकाशगंगेपुरता मुख्य पुरावा फिरण्याच्या वेगाचा आहे. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे अंतरावर आहे आणि सेकंदाला साधारण २३० किलोमीटर वेगाने, सुमारे २२ कोटी वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. या वेगाला धरून ठेवायला सूर्याच्या कक्षेच्या आत साधारण १०० अब्ज सूर्यांइतके वस्तुमान लागते. तारे आणि वायू मिळून त्यातला जवळपास निम्मा वाटा उचलतात. येथवर फार मोठे कोडे नाही. खरे कोडे बाहेर आहे. बहुतांश तारे आतच असल्यामुळे बाहेर जाऊ तसा वेग कमी व्हायला हवा, जसा सूर्यमालेत बुधापेक्षा नेपच्यूनचा कमी असतो. चौपट अंतरावर वेग निम्मा, असा तो नियम आहे. प्रत्यक्षात केंद्रापासून ६०,००० प्रकाशवर्षांवरचे तारेही सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतात. बटूदीर्घिकांच्या आणि दूरच्या तारकागुच्छांच्या हालचालींवरून आकाशगंगेचे एकूण वस्तुमान काढले, तर ते साधारण १,००० अब्ज सूर्यांच्या घरात जाते. सर्व ताऱ्यांचे मिळून भरते सुमारे ५० ते ६० अब्ज.

इतिहासात यान ऊर्ट (१९३२), फ्रिट्झ झ्विकी (१९३३) आणि देवयानी दीर्घिकेचा वेग मोजणारे व्हेरा रुबिन व केंट फोर्ड (१९७०) यांची नावे नेहमी एकामागोमाग घेतली जातात. यांतील ऊर्ट यांना सूर्याच्या परिसरात जे अदृश्य वस्तुमान हवे होते, ते बहुतांशी मंद तारे आणि वायू यांच्या अपुऱ्या मोजदादीमुळे होते, असे आज म्हणता येते.

ताऱ्यांची स्थाने आणि वेग मोजणाऱ्या गाइया उपग्रहाच्या, २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनंतर एक नवा वाद सुरू झाला आहे. काही संशोधकांच्या मते बाहेरच्या भागात वेग पूर्वी वाटत होता त्यापेक्षा लवकर घसरतो आणि त्यामुळे आकाशगंगेचे एकूण वस्तुमान बरेच कमी असावे. इतरांना ही घसरण मोजणीतल्या त्रुटींमुळे भासते असे वाटते. कृष्णद्रव्य नाही असे यांपैकी कोणीच म्हणत नाही. वाद किती आहे याचा आहे.

आपल्या आसपास किती कृष्णद्रव्य असेल?

फार थोडे. सूर्याच्या परिसरातल्या ताऱ्यांच्या वर-खाली होणाऱ्या हालचालींवरून जी घनता निघते, ती एका घनसेंटिमीटरला प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या साधारण एक-तृतीयांश ते दोन-पंचमांश इतकी आहे. या हिशेबाने पृथ्वीएवढ्या आकारमानात कोणत्याही क्षणी अर्धा ते पाऊण किलोग्रॅम कृष्णद्रव्य असते. नेपच्यूनच्या कक्षेएवढ्या संपूर्ण गोलातले कृष्णद्रव्य एकत्र केले, तरी ते पृथ्वीच्या वस्तुमानाच्या दोन कोटी भागांपैकी एका भागाइतकेच भरेल. म्हणूनच ग्रहांच्या कक्षांवर त्याचा परिणाम जाणवत नाही. मग आकाशगंगेवर त्याचे वर्चस्व कसे, असा प्रश्न पडेल. तारे म्हणजे अफाट पोकळीत पेरलेले कण आहेत, तर कृष्णद्रव्य ती सगळी पोकळी भरून, तबकडीच्या कितीतरी पलीकडपर्यंत पसरलेले आहे. घनता नगण्य असली तरी आकारमान तिची भरपाई करते.

आयनीभूत वायू हेच कृष्णद्रव्य असू शकत नाही का? तोही दिसत नाहीच ना?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो मुळीच बाळबोध नाही. एके काळी न सापडलेला वायू हा खरोखरच एक उमेदवार होता. त्याला बाद करणारी कारणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.

पहिले कारण म्हणजे वायूला लपता येत नाही. तबकडीतला आयनीभूत थर स्पंदकांच्या विलंबावरून मोजला तर तो जेमतेम एक-दोन अब्ज सूर्यांइतका भरतो. गरज आहे त्याच्या कित्येकशे पट वस्तुमानाची. तेवढा वायू तबकडीत असता तर स्पंदकांचे विलंब तितक्याच पटींनी वाढले असते आणि सगळे आकाश हायड्रोजन-आल्फाच्या लाल प्रकाशाने उजळले असते. तो बाहेर तप्त स्थितीत असता तर क्ष-किरणांत दिसला असता.

दुसरे कारण विश्वाच्या आरंभकाळातले आहे. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तयार झालेल्या ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण तेव्हाच्या सामान्य द्रव्याच्या घनतेवर ठरले. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीतल्या, म्हणजे आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणातल्या, बारीक चढउतारांवरूनही हीच घनता वेगळ्या मार्गाने काढता येते. दोन्ही उत्तरे जुळतात: प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे बनलेले सामान्य द्रव्य हे विश्वातल्या एकूण द्रव्याचा साधारण सहावा भाग आहे. वायू थंड असो वा तप्त, उदासीन असो वा आयनीभूत, त्याची गणना या सहाव्या भागातच होते.

तिसरा पुरावा आकाशगंगेबाहेरचा आहे. ‘बुलेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घिकासमूहात दोन समूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. दोन्हींचा तप्त आयनीभूत वायू टक्कर होऊन मध्ये अडकला आहे, आणि गुरुत्वाकर्षणाने प्रकाश किती वाकतो त्यावरून काढलेले बहुतेक वस्तुमान मात्र वायूला मागे टाकून पुढे निघून गेलेले दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणात वायू आणि कृष्णद्रव्य अक्षरशः वेगळ्या जागी सापडले.

वायू तबकडीत बसतो, मग कृष्णद्रव्य गोलाकार का पसरते?

कारण वायूला ऊर्जा बाहेर टाकता येते. त्याचे कण एकमेकांवर आदळतात, प्रकाश सोडतात, थंड होतात आणि आत कोसळतात. कोसळताना फिरण्याची गती मात्र टाकता येत नसल्यामुळे शेवटी सपाट तबकडी उरते. कृष्णद्रव्याच्या कणांना प्रकाश सोडता येत नाही, त्यामुळे त्यांना थंड होण्याचा मार्गच नाही. ते केंद्राकडे पडतात, पलीकडे निघून जातात आणि पुन्हा परततात. ही ये-जा अब्जावधी वर्षे चालू राहते आणि तिच्यातून एक फुगीर प्रभामंडल तयार होते.

आकाशगंगेभोवती तप्त वायूचे प्रभामंडल आहे असे म्हणतात, ते काय आहे?

तबकडीपासून दूर असलेले काही थंड ढग विखरून न जाता टिकून आहेत, त्याअर्थी त्यांना बाहेरून कशाचा तरी दाब असला पाहिजे, असा तर्क लायमन स्पिट्झर यांनी १९५६ साली केला. असा दाब देणारा वायू अत्यंत तप्त आणि विरळ असायला हवा. आज तो सापडला आहे. क्वेसारांकडून, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांकडून, येणाऱ्या क्ष-किरणांमध्ये बहुतेक सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या शोषणरेषा दिसतात आणि त्यांवरून वायूचे तापमान सुमारे वीस लाख केल्विन निघते. २०१२ साली अंजली गुप्ता, स्मिता माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रा क्ष-किरण वेधशाळेच्या निरीक्षणांवरून मांडले, की हा वायू तीन लाख प्रकाशवर्षांहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला असू शकतो आणि त्याचे वस्तुमान किमान १० अब्ज सूर्यांइतके, कदाचित त्याहून पुष्कळ अधिक असावे.

एक अप्रत्यक्ष पण बोलका पुरावा आकाशगंगेच्या सोबती बटूदीर्घिकांकडून मिळतो. मॅजेलनचे दोन मेघ वगळता जवळच्या जवळपास सर्व बटूदीर्घिकांत वायू उरलेला नाही. दूरच्यांत मात्र तो असतो. वाऱ्यातून धावताना धूळ उडून जावी तसा जवळच्या दीर्घिकांमधला वायू या तप्त प्रभामंडलातून जाताना निघून गेला आहे.

येथे कृष्णद्रव्याशी असलेले खरे नाते दिसते. वीस लाख केल्विनच्या वायूतले कण इतक्या वेगात असतात, की दृश्य ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्यांना एवढ्या दूरवर बांधून ठेवू शकत नाही. कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलाने केलेल्या खोलगट विहिरीत हा वायू भरलेला आहे आणि त्याचे तापमान साधारणपणे त्या विहिरीच्या खोलीला साजेसे आहे. वृत्तलेखांत ‘हरवलेले द्रव्य सापडले’ असा मथळा येतो तेव्हा तो बहुधा या वायूबद्दल असतो. हरवले होते ते सामान्य द्रव्य. सहाव्या भागाचा हिशेब लावला तर आकाशगंगेच्या वाट्याला जेवढे यायला हवे, तेवढे तारे आणि थंड वायू मिळूनही भरत नव्हते. ही तूट तप्त वायूने किती भरून निघते यावर मतभेद आहेत. कृष्णद्रव्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

कृष्णद्रव्याच्या शोधात हा वायू अडथळा ठरतो का?

पदोपदी. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना नष्ट करत असतील किंवा क्षय पावत असतील, तर त्यातून किरण निघावेत, या आशेने आकाशाचे निरीक्षण केले जाते. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सापडलेल्या किरणांचा दुसरा दावेदार म्हणून वायू उभा राहतो.

‘डब्ल्यूमॅप’ उपग्रहाच्या सूक्ष्मलहरी नकाशांत आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक धूसर तेज उरते, असे डग्लस फिंकबायनर यांनी २००४ साली दाखवले. ते तप्त आयनीभूत वायूचे प्रारण असावे असा त्यांचाच पहिला अंदाज होता. लवकरच त्यांनी ते कृष्णद्रव्याच्या कणांच्या नाशातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांचे असावे असे सुचवले. २०१० मध्ये त्यांच्याच गटाने फर्मी दुर्बिणीच्या नोंदींतून केंद्राच्या वर आणि खाली सुमारे २५,००० प्रकाशवर्षे पसरलेले गॅमा किरणांचे दोन प्रचंड फुगे शोधले आणि ते धूसर तेज या फुग्यांशी निगडित असल्याचे दिसले. फुग्यांना रेखीव कडा आहेत, कृष्णद्रव्यापासून तशी अपेक्षा नसते. केंद्रातल्या कृष्णविवराचा जुना उद्रेक किंवा ताऱ्यांच्या जन्माची लाट हे त्यांचे अधिक संभाव्य कारण आहे. एकाच संशोधकाने एकाच तेजाची तीन स्पष्टीकरणे पाहिली आणि प्रत्येक वेळी पुराव्यामागे गेला, हे मला त्या शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते.

२०१४ साली दीर्घिकासमूहांच्या क्ष-किरण वर्णपटांत ३.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ एक अनपेक्षित रेषा आढळल्याचे दोन गटांनी जाहीर केले. ही कृष्णद्रव्याच्या क्षयाची खूण असू शकेल असे मांडले गेले. पण तप्त वायूतल्या आयनीभूत पोटॅशियमच्या रेषाही त्याच परिसरात येतात. आपली आकाशगंगा कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलातच असल्यामुळे क्षय खरा असेल तर रिकाम्या दिसणाऱ्या आकाशातही ती रेषा दिसली पाहिजे. २०२० साली अशा निरीक्षणांचा मोठा साठा तपासला गेला आणि रेषा आढळली नाही.

केंद्राच्या दिशेने फर्मीला दिसलेले जास्तीचे गॅमा किरण हे प्रकरण मात्र अजून मिटलेले नाही. वैश्विक किरण वायूवर आदळूनही गॅमा किरण निघतात, त्यामुळे जास्तीचे किती हे ठरवण्याआधी वायूचा वाटा वजा करावा लागतो. उरलेले किरण कृष्णद्रव्याचे की वेगाने फिरणाऱ्या, एकेकटे न दिसणाऱ्या स्पंदकांचे, यावर अजून एकमत नाही.

आकाशगंगेच्या पट्ट्यातले काळे डाग म्हणजे कृष्णद्रव्य का? आणि कृष्णविवरे?

दोन्ही नाहीत. काळे डाग हे मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवणाऱ्या धुळीचे ढग आहेत. कृष्णद्रव्य प्रकाश अडवत नाही. ‘कृष्ण’ ऐवजी ‘पारदर्शक’ म्हटले असते तर पुष्कळ गैरसमज टळले असते. केंद्रातले महाकाय कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांइतके आहे, म्हणजे आकाशगंगेच्या हिशेबात नगण्य. ताऱ्यांइतक्या वस्तुमानाच्या काळ्या वस्तूंनी प्रभामंडल भरलेले असेल का, हे १९९० च्या दशकात मॅजेलनच्या मेघांमधल्या लाखो ताऱ्यांवर पाळत ठेवून तपासले गेले. वाटेत अशी वस्तू आली की मागचा तारा काही काळ उजळतो. अशा घटना गरजेच्या मानाने फारच कमी आढळल्या.

मग कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे? नियमच चुकीचा असेल तर?

ते अज्ञात कणांचे असावे असा बहुतेकांचा कयास आहे. इटलीतल्या ग्रान सास्सो पर्वताखाली आणि अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटातल्या जुन्या खाणीत, अनेक टन द्रवरूप झेनॉनच्या टाक्यांमध्ये या कणांच्या धक्क्याची वाट पाहिली जात आहे. अजून एकही निर्विवाद धक्का नोंदला गेलेला नाही. इटलीतल्याच एका सोडियम आयोडाइडच्या प्रयोगाने वर्षाच्या ऋतुचक्राप्रमाणे बदलणारा संकेत दीर्घकाळ नोंदवला आहे, पण तेच द्रव्य वापरून केलेल्या इतर प्रयोगांत तो दिसला नाही.

गुरुत्वाकर्षणाचा नियमच अतिक्षीण त्वरणाला बदलतो, हा मोर्देहाय मिलग्रोम यांचा १९८३ चा पर्याय दीर्घिकांच्या वेगांचे वर्णन आश्चर्यकारकरीत्या अचूक करतो. मात्र दीर्घिकासमूहांत आणि सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीत त्याला जड जाते, आणि बुलेट समूहात वायू व वस्तुमान वेगळे का सापडले हे त्याला सरळ सांगता येत नाही.

यांपैकी काही नुसत्या डोळ्यांनी पाहता येईल का?

काळोख्या जागी मृगाच्या पट्ट्याखाली लोंबणाऱ्या तलवारीत मधला तारा किंचित धुकट दिसतो. तो आयनीभूत वायू आहे. साधी द्विनेत्री लावली तर धूसर ढग स्पष्ट होतो. छायाचित्रांतला लाल रंग मात्र दिसणार नाही, कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना लाल रंग जवळजवळ कळतच नाही.